बंद केलेला डोंगर

त्या ऑफिसात डोंगर बंद करायची पद्धत होती. ऐकायला वेडगळ वाटतं, पण तिथल्या माणसांना त्यात काही वावगं वाटत नसे. इमारत कागदावर असतानाच ती हिवाळ्यात किती गार पडेल, उन्हाळ्यात किती तापेल, तिला केवढे हीटर लागतील, याचा अंदाज संगणकावर काढून द्यायचा, हा त्यांचा धंदा. त्यासाठी सॉफ्टवेअरला भिंतींची जाडी सांगायची, खिडक्यांची मापं सांगायची, तिथलं हवामान सांगायचं आणि आजूबाजूची जमीनही सांगायची. कुठे चढ, कुठे उतार, कुठे डोंगर. जमिनीची ती फाइल जोडली की सॉफ्टवेअर वर्षातल्या एकेका तासाला तपासत बसे, सूर्य आत्ता डोंगराच्या अलीकडे आहे की पलीकडे. यात त्याचा जीव मेटाकुटीला येई. डोंगर चालू असला तर एका हिशेबाला सहा तास लागत, बंद केला तर वीस मिनिटं. म्हणून कच्ची कामं सगळेजण डोंगर बंद ठेवून करत आणि शेवटचा पक्का हिशेब तेवढा चालू करून. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोन होता. त्यात खूण असली की डोंगर आहे, नसली की नाही.

"डोंगर चालू केलास ना?" असं तिथे जेवलास का विचारावं तितक्या सहज विचारत. उत्तरही तितक्याच सहज येई, आणि कुणी उठून पडद्यात डोकावत नसे.

या ऑफिसात चौदा वर्षं काढलेली एक बाई होती. तिला सगळे ऊनबाई म्हणत. कुठल्या खोलीत किती वाजता ऊन शिरेल आणि किती वाजता निघून जाईल, हे ती नकाशा बघून तोंडी सांगे, आणि मग सॉफ्टवेअर तेच सांगे. नवीन आलेली पोरं तिला जरा वचकून असत. लग्न तिने केलं नव्हतं. नातेवाईक बोलून बोलून थकले होते आणि आता फक्त नमस्काराला उरले होते. तिला जवळचं म्हणावं असं एकच माणूस होतं, तिचे बाबा.

हिवाळा अर्धा सरला असताना एका मंगळवारी सकाळी साहेबांनी तिला आत बोलावलं आणि एक पत्र पुढे सरकवलं. पत्र वयस्कर माणसांच्या निवासाकडून आलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्या इमारतीचा हिशेब ऊनबाईनेच केला होता. व्यवस्थापिकेने साध्या शब्दांत लिहिलं होतं की दक्षिणेकडच्या बावीस खोल्यांत दुपारनंतर बसवत नाही, हीटर दिवसभर चालू ठेवूनही खोल्या तापत नाहीत, आणि एक रहिवासी न्यूमोनियाने इस्पितळात आहेत. तुमच्या अहवालाप्रमाणे असं व्हायला नको होतं, तरी खुलासा करावा.

"म्हातारी माणसं खिडक्या उघड्या टाकतात, त्यांना कोंडल्यासारखं होतं," साहेब म्हणाले. साहेब मनाने वाईट नव्हते. फक्त भांडणाचा वास आला की आधी दार लावून घ्यायची त्यांना सवय होती. "तसं लिहून टाक. गोड शब्दांत."

"आधी जुने आकडे बघते, सर."

"बघ की. तुझे आकडे कधी चुकलेत?"

तिने जागेवर येऊन जुनी फाइल उघडली. त्या बावीस खोल्यांपैकी चौदा नंबरच्या खोलीत तिचे बाबा राहत होते. दर दुसऱ्या रविवारी ती त्यांना भेटायला जात असे आणि खोली थंड आहे असं त्यांनी चुकूनही म्हटलं नव्हतं. पक्का हिशेब पडद्यावर आला. कोपऱ्यातला चौकोन रिकामा होता.

तिने फाइल बंद केली, पुन्हा उघडली. पुन्हा रिकामाच. मग तिला तो दिवस आठवला. अहवाल दुपारी चारला द्यायचा होता आणि वास्तुविशारदाने अडीच वाजता फोन करून खिडक्या हातभर सरकवल्या होत्या. हिशेब नव्याने करणं भाग होतं. तिने डोंगर बंद करून वीस मिनिटांत चाचणी घेतली, आकडे छान दिसले, शेजारच्याने विचारलं, "डोंगर?" ती म्हणाली, "हो." सकाळी चालू केलेला तिच्या डोक्यात होता. अहवालाच्या पहिल्या पानावर सॉफ्टवेअरने आपणहून छापलं होतं: जमिनीची फाइल जोडलेली आहे. खोटं काहीच नव्हतं. फाइल जोडलेलीच होती, फक्त मोजलेली नव्हती. वास्तुविशारदाने ते वाक्य वाचलं, निवासाच्या मंडळींनी वाचलं, आणि डोंगर संगणकात आहे म्हटल्यावर खिडकीतून त्याच्याकडे बघायची कुणालाच गरज वाटली नाही. जागा पाहायला सगळे गेले तेही भर उन्हाळ्यात, सूर्य डोक्यावर असताना.

तिने चौकोनात खूण केली आणि हिशेब सुरू केला. सहा तास ती दुसरी कामं पुढ्यात घेऊन बसली आणि एकही झालं नाही. संध्याकाळी आकडे आले. खोली नंबर चौदा: या दिवसांत ऊन साडेचारला नव्हे, एक वाजून एकेचाळीस मिनिटांनी जातं. हीटर हवा त्याच्या निम्म्याने लहान. दुपारनंतर खोलीत तेरा अंश. तेरा अंशांत बाबा संध्याकाळपर्यंत बसत होते, आणि ती रविवारी त्यांच्यासाठी बिस्किटं घेऊन जात होती.

साहेबांना तिने काहीच सांगितलं नाही. "उद्या सुट्टी हवी होती," एवढंच म्हणाली.

बाबा निवृत्त मोजणीदार. सगळा जन्म डोंगर चढण्यात आणि उतरण्यात गेला, आणि डोंगरांनी त्याची वसुली गुडघ्यांतून केली. ऊनबाई लहान असताना सुट्टीत ते तिला कामावर नेत. ते दुर्बिणीतून बघून आकडा पुकारत आणि ती वहीत लिहून घेई. "मी सांगेन तेच लिहायचं. मनातलं नाही," अशी ताकीद असे. आई गेल्यावर मुलीकडे राहायला मात्र ते आले नाहीत. यंदाच्या पावसाळ्यानंतर निवास बांधून झाला तेव्हा स्वतःच अर्ज घेऊन आले. "माझ्या मुलीनं जिथलं ऊन मोजलंय, तिथं मी राहणार," म्हणाले. समोरचा डोंगरही त्यांच्या ओळखीचा होता. तरुणपणी तो त्यांनीच मोजला होता, आणि ऊनबाईने जोडलेली ती फाइल मुळात त्यांच्याच नकाशावरून तयार झालेली होती. याचं त्यांना भारी कौतुक. डोंगर बापाचा, ऊन लेकीचं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

ती रविवारी पहिल्या गाडीने नऊपर्यंत पोचे. तेव्हा चौदा नंबरची खोली उन्हाने भरलेली असे. गप्पा होत, चहा होई, शेजारच्या पंधरा नंबरचे शिंपीमामा डोकावून एखादी चेष्टा करून जात. बारा वाजून गेले की बाबांची घाई सुरू होई. "निघ आता, एकची गाडी पकड. चारच्या गाडीत उभं राहावं लागतं तुला." वाद घालून उपयोग नसे. ते तिची पिशवी दारात नेऊन ठेवत. आपल्या पायांची बाबांना किती काळजी, असं वाटून तिला गाडीत बसल्यावर बरं वाटे.

बुधवारी ती मुद्दाम उशिराच्या गाडीने गेली आणि एक वाजता निवासाच्या फाटकात उतरली. पंधरा नंबरचं दार सताड उघडं होतं. आत पलंगावर गादी नव्हती. शिलाईचं यंत्र कापडात गुंडाळून दाराशी ठेवलं होतं, त्याला दोरी बांधायचं काम एक सेवक करत होता.

बाबा खिडकीशी खुर्चीत होते. स्वेटरवर त्यांनी एक कापूस भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट घातलं होतं. ते तिने आजवर पाहिलं नव्हतं. रविवारी ते अंगावर नसायचं. तिला दारात पाहून ते आधी दचकले आणि मग त्यांनी घड्याळ बघितलं.

"आज कशी?"

"सहज आले."

"बुधवारी कोण सहज येतं?"

ती पलंगावर बसली. ऊन अजून होतं, बाबांच्या पायांपासून पलंगाच्या कडेपर्यंत. "शिंपीमामा?" तिने विचारलं.

"परवा गेले," बाबा म्हणाले. "इस्पितळातच."

बाहेर डोंगराची कड स्वच्छ दिसत होती आणि सूर्य तिच्याकडे सरकत होता. ऊन पलंगावरून उतरलं, फरशीवरून मागे गेलं, बाबांच्या चपलांवर आलं आणि संपलं. खोलीचा रंगच उतरला. बाबांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "एक चाळीस," ते सवयीने म्हणाले आणि म्हणून झाल्यावर मुलीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"संगणक एक एकेचाळीस म्हणतो," ती म्हणाली. "काल मी डोंगर धरून हिशेब केला. तेव्हा केला नव्हता. चूक माझी आहे, बाबा."

"ठाऊक आहे."

त्यांनी उशीखालून एक वही काढून तिच्या हातात दिली. पहिल्या पानावर पहिली नोंद ते राहायला आले त्यानंतर पाचव्या दिवसाची होती. रेखीव अक्षरात लिहिलं होतं: ऊन गेले तीन-दहा. डोंगर धरलेला नाही. त्याखाली रोज फक्त वेळ. थंडी वाढत गेली तशी वेळ मागे मागे येत गेली होती. रविवारच्या नोंदीही होत्या, ती येऊन गेलेल्या रविवारच्यासुद्धा.

"म्हणून मला एकच्या गाडीला पिटाळायचात," ती म्हणाली. तिला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्यांच्या पायांशी बसून रडावंसं वाटलं. "मला सांगायचं नाही? पाचव्या दिवशी कळलं होतं तर पाचव्या दिवशी फोन करायचा. थंडी पडायच्या आत काहीतरी करता आलं असतं."

"काय सांगू? आलो त्या दिवशी जेवणघरात सगळ्यांसमोर छाती फुगवून बसलो होतो. म्हटलं, एक हिवाळा काढू, कुणाला काय कळतंय. तुझं नाव कशाला खराब करायचं. मग थंडीच्या तोंडाशी बैठक झाली. शिंपीमामा उठले आणि म्हणाले, दुपारनंतर बोटं वळत नाहीत, सुई धरता येत नाही, जास्तीचे हीटर मागवा. व्यवस्थापिका तयार होती. मी उठलो. म्हटलं, हिशेब बरोबर आहे, मी मोजणीतला माणूस आहे, मला कळतं. भिंती नव्या आहेत, ओल धरून आहेत, एवढा हिवाळा जाऊ द्या. सगळ्यांनी माना हलवल्या. शिंपीमामांनीही हलवली."

"त्यांना पटलं?"

"छे. ते उन्हात बसूनच शिवायचे, त्यांना सगळं दिसत होतं. त्या रात्री हे जाकीट घेऊन आले. म्हणाले, घाला, तुमच्या लेकीचं ऊन काही पुरत नाही तुम्हाला." बाबांनी जाकिटाची कड बोटांत धरली. "मी तुझ्यासाठी गप्प बसलो. ते माझ्यासाठी गप्प बसले. स्वतःसाठी एक शिवून घेतलं असतं त्यांनी, पण कापूस संपला होता म्हणे."

ऊनबाई खाली मान घालून बसून राहिली. आपल्या हातून एक माणूस मेलं, ही गोष्ट तिने मनात पहिल्यांदाच सरळ उच्चारली. वय होतं, छाती आधीची कमजोर होती, डॉक्टर दहा कारणं देतील. त्यातलं एक कारण ती होती आणि ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मला एक समजत नाही," थोड्या वेळाने बाबा म्हणाले. "डोंगर विसरतं कसं कुणी? केवढा आहे तो."

"विसरले नव्हते. बंद केला होता. चालू असला की फार वेळ खातो, म्हणून आम्ही सगळेच बंद करतो. मग शेवटी चालू करतो."

"बंद करतात." ते शब्द त्यांनी चावून बघितल्यासारखे उच्चारले. "सहा महिने लागले होते मला तो मोजायला. तू जन्मलीस तेव्हा मी वरच होतो. खाली निरोप आला आणि मला तो तीन दिवसांनी मिळाला. आणि तू तो बंद केलास." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसलं असतं.

खोली आता खरोखर गार पडली होती. हीटर कोपऱ्यात घरघरत होता. ती म्हणाली, "मी निवासाला पत्र लिहिणार आहे. चूक कशी झाली ते सगळं. मोठे हीटर बसवावे लागतील, लगेच. अजून दोन महिने थंडी आहे."

"साहेबांना विचारलंस?"

"नाही. ते म्हणतात, खिडक्या उघड्या टाकता म्हणून लिही."

"मग तसंच लिही," बाबा म्हणाले. त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला होता. "हीटर मागवायला दुसरं काही कारण दे. भिंतींचं सांग, काचांचं सांग. मला इथं राहायचंय, पोरी. मी मोजणीतला माणूस म्हणून शब्द दिला, तो खोटा होता, हे बावीस खोल्यांना कळलं तर माझ्या ताटाशेजारी कोण बसेल? गेलेला माणूस काही पत्रानं परत येत नाही."

चार वाजता ती निघाली. बाबांनी पिशवी दारात आणून ठेवली नाही. खुर्चीतून उठलेच नाहीत. चारच्या गाडीत खरंच उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने पत्र लिहिलं. बाबांनी सुचवलेलं कारण आधी लिहून बघितलं. तीन ओळी चांगल्या जमल्या, अगदी खऱ्या वाटाव्यात अशा, आणि म्हणूनच तिला शिसारी आली. तिने त्या पुसल्या. मग साध्या भाषेत लिहिलं की हिशेब करताना डोंगर बंद राहिला, तो मी चालू केला नाही, म्हणून हीटर निम्म्याने लहान पडले. जबाबदारी माझी. नवे आकडे जोडले आहेत, हीटर ताबडतोब बदलावेत. बाबांविषयी एक अक्षरही लिहिलं नाही. पत्र पाठवलं आणि मग त्याची प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. वाचताना साहेबांचा चेहरा उतरत गेला.

"आधी मला दाखवायचं होतंस," ते म्हणाले.

"दाखवलं असतं तर गेलं नसतं, सर."

तिला कामावरून काढलं नाही. एवढंच झालं की तिच्या पक्क्या हिशेबाखाली आता दुसऱ्याची सही लागू लागली, आणि ऊनबाई म्हणणं ऑफिसातल्या पोरांनी आपसूक सोडलं. डोंगर बंद ठेवायची पद्धत मात्र तशीच चालू राहिली. सहा तास कुणाकडे असतात?

महिनाभरात निवासात नवे हीटर बसले. तोवर थंडीचा कडाका बराचसा ओसरला होता. बाबांचा या दिवसांत एकही फोन आला नाही. तिने केला की "बरा आहे" म्हणून ठेवून देत. हीटर बसल्यानंतरच्या रविवारी ती मधल्या गाडीने गेली. दारातल्या फलकावर तिचं पत्र लावलेलं होतं. सगळ्यांनी वाचावं म्हणून व्यवस्थापिकेने लावलं असणार. त्याच्या खाली टाचणीने आणखी एक कागद टोचला होता, वहीतून फाडलेला. अक्षर तिला लांबूनही ओळखता आलं असतं. ऊन गेले तीन-दहा. डोंगर धरलेला नाही. त्याखाली नव्या शाईने दोन ओळी होत्या: हे मला पाचव्या दिवशी समजले होते. बैठकीत मी खोटे बोललो. आणि त्याखाली सही: मोजणीदार, निवृत्त, खोली चौदा.

ती किती वेळ तिथे उभी होती कुणास ठाऊक. जेवणाची घंटा झाली तेव्हा ती आत गेली. लांब टेबलांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. बाबा शेवटच्या टेबलावर एकटे होते. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या कुणी मुद्दाम हलवल्या नव्हत्या, त्या फक्त रिकाम्या होत्या. ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली. बाबांनी मान वर केली नाही, पण पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

जेवून दोघं चौदा नंबरमध्ये आली. खोली उबदार होती. तरीही बाबांनी ते जाकीट काढलं नाही. शेजारच्या खोलीत नवीन कुणीतरी राहायला आलं होतं, आतून रेडिओचा आवाज येत होता. एक वाजत आला तशी तिची नजर सवयीने पिशवीकडे गेली. पिशवी पलंगाखाली होती, तिथेच राहिली. निघ म्हणून बाबा म्हणाले नाहीत.

ते वही मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. ऊन पलंगावरून उतरलं आणि फरशीवर आलं. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, पण घड्याळाचे काटे त्यांना नीट दिसेनात. त्यांनी वही आणि पेन्सिल तिच्याकडे दिली, घड्याळ मनगटावरून काढून डोळ्यांसमोर धरलं.

"लिही," ते म्हणाले. "दोन वाजून सहा."

तिने लिहून घेतलं.